बासष्ट फेरे

लग्नकार्यात लोक डॉक्टरला जीभ दाखवतात, वकिलाला जमिनीचे कागद दाखवतात आणि मला गाठून विचारतात, "काय हो, फ्रिज नक्की किती वीज खातो?" तीसेक वर्षं पुण्यात फ्रिजदुरुस्ती केली. विश्रांतवाडीतलं दुकान बंद करून आता मी घरी बसलोय, पण हा प्रश्न काही निवृत्त व्हायला तयार नाही. सुरुवातीला मी पानातली जिलबी बाजूला सारून सगळं समजावून सांगत असे. हल्ली उलट विचारतो, "कुणाच्या घरातला?" लोकांना वाटतं, मी पुणेरी झालो. असेनही.

या अंकासाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा जन्मापासून सुरू करा असंही सांगण्यात आलं. ते मी करणार नाही. भंडारा जिल्ह्यातून आयटीआय करून पुण्याला आलो, स्वारगेटजवळच्या एका वर्कशॉपमध्ये काम शिकलो, पुढे स्वतःचं दुकान काढलं, संपली जन्मकथा. बोलताना 'करतोय'च्या जागी 'करून राहिलो' म्हणायचो. त्यावर पेठेतल्या एका बाईंनी विचारलं होतं, "करून राहिलात म्हणजे? झालंय की व्हायचंय?" तेव्हापासून गिऱ्हाइकासमोर मी जपून बोलू लागलो.

तर फ्रिजबद्दल. पहिली गोष्ट, फ्रिज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, म्हणून तर त्याची मागची जाळी गरम लागते. आत पुरेसं गार झालं की टक् असा आवाज होऊन कॉम्प्रेसर थांबतो. आतली उष्णता वाढली की घूं करून पुन्हा सुरू होतो. म्हणजे प्लग चोवीस तास लावलेला असला तरी तो चोवीस तास राबत नाही. थोडं काम, थोडी विश्रांती, पुन्हा काम. सरकारी कचेरीतल्या गिऱ्हाइकांना हे चटकन समजायचं. एका दाराचा, एकशे पासष्ट लिटरचा त्या काळातला फ्रिज धडधाकट असेल तर दिवसाला सव्वा ते दीड युनिट घ्यायचा. एक युनिट म्हणजे शंभराचा दिवा दहा तास. एवढं साधं गणित आहे.

पण घर बदललं की गणित बदलतं. एका घरात दाराचं रबर सैल पडलेलं असतं आणि गार हवा दिवसभर स्वयंपाकघरात फिरायला येत असते. (ओळखायला सोपं आहे. दारात कागदाची चिठ्ठी धरून दार लावायचं आणि ती ओढायची. सहज निसटली, तर रबर गेलं.) दुसऱ्या घरात उकळती खीर तशीच आत जाते. तिसऱ्या घरात बर्फाचा एवढा थर साचलेला असतो की कप्प्यात बर्फाचं भांडंच मावत नाही, आणि ते खरवडायला सुरी घेऊन बसलेले काका त्याच सुरीनं गॅसची नळी फोडतात. पावसाळ्यात मागच्या जाळीवर मोजे वाळत घालणारी घरं तर इतकी पाहिली की मी ते आता वैगुण्य धरतच नाही. एकीकडे मशीननं उष्णता बाहेर टाकायची आणि दुसरीकडे आपण तिला ओल्या मोज्यांचं पांघरूण घालायचं!

सदाशिव पेठेत एक निवृत्त गृहस्थ होते. रोज रात्री दहाला फ्रिज बंद, सकाळी सहाला चालू. तक्रार अशी की दूध नासतं. मी म्हटलं, "अहो, रात्री बंद करू नका." ते म्हणाले, "रात्री आमच्याकडे कुणी काही खात नाही." मी समजावलं की सकाळी त्याला सगळी उष्णता नव्यानं उपसावी लागते, वाचतं फारच थोडं आणि दूध जातं ते वेगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आपलं म्हणणं शास्त्राला धरून आहे," ते म्हणाले, "पण आपण रात्री इथे झोपायला नसता. तो घुरघुरतो." पुढे त्यांनी दूध घेणं कमी केलं.

फार पुढे, खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्यावर, तिथल्या एका जोडप्यानं बोलावलं. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. फ्रिज माझ्याहून उंच, दोन दारांचा. "काका, इट्स कन्झ्युमिंग टू मच. वी आर हार्डली अ‍ॅट होम यार." उघडून पाहिलं तर आत पाण्याच्या दोन बाटल्या, एक सुकलेलं लिंबू, सॉसच्या पुड्या आणि चेहऱ्याला लावायचा लेप. तो सुंदर फ्रिज त्यांनी फर्निचरवाल्याकडून तिन्ही बाजूंनी लाकडात असा घट्ट बसवून घेतला होता की बाहेर टाकलेली उष्णता पुन्हा त्याच्याच अंगावर येत होती. मी म्हटलं, "मागे वीतभर जागा सोडा." मुलगी म्हणाली, "पण काका, मग लूक जाईल." लूक राहिला, बिलही राहिलं.

ही झाली गमतीची माणसं. आता जे सांगायचंय ते माझ्याबद्दल आहे आणि त्यात गंमत जरा कमी आहे.

त्या काळी घरोघरी चकतीचे मीटर होते. काचेमागे एक ॲल्युमिनियमची चकती आडवी फिरायची, तिच्या कडेला एक काळी खूण. वीज जास्त ओढली की जोरात, कमी ओढली की हळू, काहीच चालू नसेल तर स्थिर. मीटरवरच लिहिलेलं असायचं, इतके फेरे म्हणजे एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, फक्त फ्रिज चालू ठेवायचा, घड्याळ लावून फेरे मोजायचे आणि आकडा सांगायचा. आमच्या धंद्यात एवढा वेळ कुणी घालवत नसे. मी घालवायचो. त्यामुळे भागात माझं नाव झालं. लोक दुकानात येऊन म्हणायचे, "ते मीटरसमोर बसणारे मेकॅनिक तुम्हीच ना?" आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघत होते, कंपन्यांत नवी भरती होत होती आणि आमच्या भागात खोल्या घेऊन राहणारी एकटी माणसं वाढली होती. त्यांना जेवायला घालायचं काम शालिनीताई करायच्या. त्या वर्ध्याकडच्या, यजमान भोसरीला कंपनीत पाळीला. एका बंगलीच्या तळमजल्यावर मागची खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलेलं, तिथून रोज बावीस डबे जायचे. एक डबा माझ्या दुकानात यायचा. बोलणं माझ्या गावाकडचं, त्यामुळे ताईंशी बोलताना मला जपून बोलावं लागत नसे. त्यांचा फिकट निळा जुना फ्रिज मीच शोधून, दुरुस्त करून दिलेला. त्याच्या जोरावर त्या आदल्या दिवशी भाज्या चिरून, कणीक मळून ठेवायच्या. तो नव्हता तेव्हा पहाटे मंडईला जावं लागे आणि दहाच्या वर डबे होत नसत.

घरमालक नानासाहेब. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कचेरीची टाचणीसुद्धा घरी आणली नाही म्हणून ख्याती. बोलणं तेवढंच टोचरं. त्यांचा मुख्य मीटर एक आणि ताईंच्या खोलीला वेगळा छोटा मीटर, दोन्ही जिन्याखाली शेजारी शेजारी. ताईंच्या मीटरचा आकडा अचानक फुगू लागला. एकूण वापर वाढला की सगळं बिल वरच्या दराच्या टप्प्यात जायचं, आणि ते नानासाहेबांना सहन होत नव्हतं. त्यांनी ताईंना सांगितलं, "एक तर तुमचा फ्रिज ठेवा, नाहीतर माझी खोली ठेवा. दोन्ही जमणार नाही."

ताई माझ्याकडे आल्या. "भाऊ, मी काही वाढवलं नाही. तोच फ्रिज, तेच दोन दिवे. नाना म्हणून राहिले, मी लपून शेगडी लावते. तुम्ही येऊन मोजा. तुमचं तरी ऐकतील."

नानासाहेबही कबूल झाले. "मेकॅनिक जे सांगतील ते मान्य. मीटर काही खोटं बोलत नाही."

रविवारी सकाळी मी गेलो. ताईंनी आतले दिवे, पंखा सगळं बंद केलं, फ्रिज तेवढा चालू. मी जिन्याखाली स्टुलावर, शेजारी खुर्चीत नानासाहेब, ताई दारात पदर हातात धरून उभ्या. मी घड्याळ लावलं आणि मोजायला लागलो. चकती सुरुवातीला चांगलीच फिरत होती. मध्येच ती मंदावली. विश्रांतवाडीत तेव्हा व्होल्टेज सारखं खालीवर व्हायचं, म्हणून मी नानासाहेबांना जाणकारपणे म्हटलं, "व्होल्टेज पडलं." त्यांनी मान डोलावली. अर्ध्या तासात बासष्ट फेरे झाले आणि चकती एकदाही थांबली नाही. त्या मीटरला सहाशे फेऱ्यांचं एक युनिट. मी तिथेच गुणाकार करून सांगितलं, दिवसाला जवळजवळ पाच युनिट. कॉम्प्रेसर थांबतच नाहीये, फ्रिज बिघडला आहे.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. "पण आत तर सगळं नीट गार होऊन राहिलं, भाऊ."

"ताई, तुम्हाला वरून कळणार नाही ते," मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो होतो, आणि ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

"दुरुस्त करून आणतो," मी नानासाहेबांना म्हटलं. ते म्हणाले, "दुरुस्ती झाली की तुमच्या दुकानात ठेवा. इथे परत आला तर खोली रिकामी करून मागेन." संध्याकाळी टेम्पो आला आणि फ्रिज गेला.

माझ्या दुकानात एका फळीवर तपासणीचा मीटर लावलेला होता. दुसऱ्या दिवशी फ्रिज त्यावर जोडला. वीस मिनिटांत टक्. कॉम्प्रेसर थांबला. थोड्या वेळानं घूं, सुरू. पुन्हा टक्. मी थर्मोस्टॅट पाहिला, रबर पाहिलं, गॅस पाहिला. काही म्हणजे काही बिघाड नव्हता. पूर्ण एक दिवस चालवला, दीड युनिटसुद्धा भरलं नाही. फ्रिज ठणठणीत होता आणि मी त्याला सगळ्यांसमोर दोषी ठरवून आलो होतो.

तेव्हाच उठून जायला हवं होतं. गेलो नाही. ज्याचं नाव मोजण्याबद्दल, त्यानं जाऊन माझं मोजमाप चुकलं म्हणायचं, आणि तेही नानासाहेबांसमोर! शिवाय मग चकती फिरत कशी होती, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. प्रवासात हलला असेल, आपोआप सुधारला असेल, अशा समजुती घालत मी पंधरा दिवस काढले. ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. रोज दुपारी ताईंचा डबा यायचा. आधी दोन भाज्यांच्या जागी एक झाली. मग कोशिंबीर गेली. एक दिवस डबा उघडला तर उसळ आंबलेली. मी ती तशीच खाल्ली. मला ती खायलाच हवी होती असं वाटलं. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन मी स्वतः ताईंकडे गेलो.

"आज फार जणांनी डबा परत पाठवला," त्या म्हणाल्या. "आठ जण सुटले, भाऊ. अजून चार-पाच सुटले की ही खोली तरी कशाला पाहिजे? परत वर्ध्याला जाऊ म्हणून राहिले आमचे हे."

मी म्हटलं, "ताई, फ्रिजमध्ये काही बिघाड नाही. मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे."

त्या रागावल्या नाहीत. डबा घेऊन आत गेल्या आणि घासायला लागल्या. मी दारातूनच निघून आलो.

पुढच्या रविवारी मी फ्रिज टेम्पोत घालून त्या घरी नेला. नानासाहेब फाटकातच उभे. मी म्हटलं, "नानासाहेब, माझी चूक झाली असावी."

"असावी, की झाली?"

"झाली. पुन्हा मोजायला परवानगी द्या."

"एक तास," ते म्हणाले. "टेम्पोला सोडू नका."

फ्रिज जागेवर ठेवला, थोडा वेळ स्थिर होऊ दिला आणि खोलीतलं बाकी सगळं बंद करून चालू केला. मी सवयीनं स्टूल उचलून जिन्याकडे निघालो तशा शालिनीताई आडव्या आल्या.

"त्या दिवशी तुम्ही फ्रिजला एकदा तरी हात लावून पाहिला होता का, भाऊ?"

नव्हता. सबंध अर्धा तास मी मीटरकडे पाहत होतो आणि फ्रिज भिंतीपलीकडे होता. फिरणारी चकती म्हणजे फ्रिजच, असं मी धरून चाललो होतो.

"मग आज तुम्ही इथे बसा. हात लावून. मीटर मी बघते."

असा मी फ्रिजच्या मागे उकिडवा बसलो, कॉम्प्रेसरवर हात ठेवून, आणि जिन्याखाली माझ्या स्टुलावर ताई बसल्या. नानासाहेब मधल्या दारात, दोन्हीकडे लक्ष ठेवून. कॉम्प्रेसर हाताखाली थरथरत होता. बराच वेळ गेला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मग टक् झालं आणि थरथर थांबली.

"बंद झाला!" मी ओरडलो.

जिन्याखालून आवाज आला, "चकती फिरून राहिली, भाऊ! हळू झाली, पण फिरून राहिली!"

त्याच क्षणी मला सगळं लख्ख कळलं. त्या दिवशी चकती मंदावली ते व्होल्टेज पडलं म्हणून नव्हे. फ्रिज थांबला होता, आणि दुसरं काहीतरी चालूच होतं. मी प्लगच उपटला आणि बाहेर आलो. नानासाहेब चष्मा चढवून मीटरला नाक लावून उभे होते. खोलीत एकही वस्तू चालू नव्हती आणि काळी खूण सावकाश पुढे येत होती, जात होती.

"ही वीज मग जाते कुठे?" नानासाहेब म्हणाले. आवाज खाली आला होता. ते जिना चढून वर गेले. वरून बटणं बंद केल्याचे आवाज येऊ लागले, आणि प्रत्येक आवाजाला ताई खालून म्हणत होत्या, "फिरतेय. फिरतेय. अजून फिरतेय."

मग वरून त्यांच्या मुलीचा, वीणाचा आवाज. तिनं संगणकाचा कोर्स केला होता आणि घरच्या घरी संगणकावर माहिती भरून द्यायचं काम घेतलं होतं. उन्हाळ्यात ताईंच्या खोलीच्या बरोबर वर, गच्चीवर नवी खोली बांधून तिला दिली होती. "बाबा, थांबा! सेव्ह तरी करू द्या!"

"फिरतेय," ताई म्हणाल्या. आणि मग, अगदी हळू, "थांबली."

वायरमननं नव्या खोलीची वायर सगळ्यात जवळच्या बोर्डातून घेतली होती. तो बोर्ड ताईंचा होता. त्या वेळचा तो संगणक, त्याचा पेटीएवढा पडदा, वीज गेली की लागणारा बॅटरीचा डबा, सगळं मिळून एका फ्रिजच्या कॉम्प्रेसरहून जास्त ओढत होतं, तेही न थांबता. नानासाहेब खाली आले तेव्हा जिन्याचा कठडा धरून आले. "संगणक डोक्यानं काम करतो," ते म्हणाले, "त्याला कसली वीज लागणार, असं मी समजत होतो." आयुष्यभर टाचणी घरी न आणलेला माणूस पाच महिने भाडेकरूच्या मीटरवर घरातली खोली चालवत होता. त्यांनी ताईंकडे पाहून हात जोडले. "चूक आमच्या घरातली आहे. आपला फ्रिज इथेच राहील. जे काही झालं त्याची भरपाई मी करीन." वरून वीणा म्हणाली, "बाबा, माझं काम उद्या द्यायचंय!" नानासाहेब वर न बघता म्हणाले, "वायरमन येईपर्यंत पाटीवर कर."

मला हसू आलं. ताईंना आलं नाही. त्या म्हणाल्या, "भरपाई मीटरची होईल, नाना. आणि सुटलेली माणसं?" मी टेम्पोवाल्याला परत पाठवलं.

आठांपैकी पाच जण हळूहळू परत आले, तिघं नाही आले. पुढे ताईंचे डबे साठावर गेले, एकाचे दोन फ्रिज झाले, खराडीच्या कचेऱ्यांतही त्यांचे डबे जायला लागले. वर्ध्याला परत जायचं नाव निघालं नाही. दुरुस्तीला मात्र त्या मलाच बोलवायच्या. मी तपासून निकाल सांगितला की प्रत्येक वेळी, चारचौघांतसुद्धा, एकच विचारायच्या, "हात लावून पाहिलं ना, भाऊ?" पहिली काही वर्षं मला ते लागायचं. नंतर इतर गिऱ्हाइकांकडेही निकाल द्यायच्या आधी माझा हात आपोआप कॉम्प्रेसरकडे जायला लागला, आणि खरं सांगायचं तर मी बरा मेकॅनिक झालो तो तेव्हापासून.

दुकान बंद करायच्या थोडं आधी तो निळा फ्रिज शेवटचा पाहिला. या वेळी खरंच कॉम्प्रेसर गेला होता. मी ताईंना म्हटलं, "आता यात जीव नाही. काढून टाका." त्यांनी दारावरून एकदा फडकं फिरवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणजे असेल. चहा टाकते." आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. मी उठून फ्रिजच्या मागे गेलो, प्लग लावला आणि पुन्हा एकदा हात लावून पाहिला.